फ्रॉन्क्स घ्यायची, पण कोणत्या इंजिनाची?

मारुती फ्रॉन्क्स एप्रिल २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम (पासिंग आणि विमा वगळून) किंमत ७.४६ लाखांपासून १३.१३ लाखांपर्यंत होती. म्हणजे एकाच पत्र्याच्या, एकाच लांबी-रुंदीच्या गाडीत साडेपाच लाखांहून जास्त फरक. हा फरक नुसत्या मोठ्या स्क्रीनचा आणि कॅमेऱ्याचा नाही. त्यातला मोठा वाटा इंजिन आणि गिअरबॉक्सचा आहे, आणि शोरूममध्ये नेमकं त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. तिथे चर्चा रंगते ती ड्युअल टोनची, म्हणजे दोन रंगांत रंगवलेल्या गाडीची.

आधी गाडी काय आहे ते उरकून घेऊ. फ्रॉन्क्स म्हणजे उंच केलेली बलेनो. लांबी ३९९५ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १९० मिमी, बूट (डिकी) ३०८ लिटर. नाक एसयूव्हीचं, शेपूट कूपेचं. हा तिरका छप्पर-उतार दिसायला झकास, पण पावणेसहा फुटांच्या वरचा माणूस मागे बसला की डोकं छताला टेकायला लागतं आणि रिव्हर्स घेताना मागच्या काचेतून फारसं दिसत नाही. सनरूफ कोणत्याच मॉडेलला नाही. उन्हाळ्यात विदर्भात राहणाऱ्यांनी याबद्दल कंपनीचे आभारच मानावेत.

आता किमतीचं. या वर्गातल्या सगळ्या गाड्या ३९९० ते ३९९९ मिमीच्या दरम्यान का असतात आणि इंजिनं ९९८, ११९७, ११९९, १४९७ सीसीचीच का असतात, याचं उत्तर कारखान्यात नसून अर्थ मंत्रालयात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' ठरवली गेली ती अशी: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. तीच व्याख्या जीएसटीतही आली. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर पेट्रोलला १, डिझेलला ३ टक्के सेस होता. त्या दिवसापासून दोन्हींवर सरसकट १८ टक्के. हिशेब केला तर पेट्रोल गाडी सुमारे साडेआठ टक्क्यांनी आणि डिझेल जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरायला हवी होती. बऱ्याच अंशी तशी उतरलीही. फ्रॉन्क्सचं पायाचं मॉडेल साडेसात लाखांच्या वरून ६.८५ लाखांच्या आसपास आलं, म्हणजे लाँचच्या किमतीच्याही खाली.

म्हणून महागाई संपली असं समजू नका. दर जानेवारीला 'कच्च्या मालाचा खर्च वाढला' या एका वाक्यावर किमती वाढतात, मध्येच एखाद्या महिन्यात आणखी वाढतात, आणि सहा एअरबॅग, ओबीडी-२ (धुरावर लक्ष ठेवणारी गाडीतली यंत्रणा), नवे उत्सर्जन नियम यांचाही खर्च त्यात धरला जातो. एअरबॅगबद्दल आमची तक्रार नाही. २००५ मध्ये पहिली स्विफ्ट चार लाखांच्या आत मिळायची हे खरं, पण त्या गाडीच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅगही नव्हत्या आणि एबीएसही नव्हतं. तेव्हाच्या आणि आताच्या किमतीची सरळ तुलना करणाऱ्याने हेही धरावं.

फ्रॉन्क्सची इंजिनं मुळात दोन, आणि सीएनजी धरून पर्याय तीन. पहिलं १.२ लिटरचं, ११९७ सीसी, चार सिलिंडर, ९० पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखं माप) आसपास ताकद आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. दुसरं १.० लिटरचं टर्बो (धुराच्या झोतावर फिरणाऱ्या पंख्याने जादा हवा कोंबणारं), ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन-मीटर. तिसरा पर्याय म्हणजे तेच १.२ सीएनजीवर, तिथे ताकद ७७.५ पीएस आणि टॉर्क ९८.५ वर येतो.

कागदावर ९० आणि १०० पीएस म्हणजे उन्नीस-बीस वाटतं. पीएस पाहूच नका, टॉर्क कोणत्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो ते पाहा. १.२ ला पूर्ण ११३ न्यूटन-मीटर ४४०० आरपीएमला मिळतात. टर्बोला १४७.६ मिळतात ते २००० पासूनच, आणि ४५०० पर्यंत टिकतात. शहरात आपण गाडी बहुतेक वेळ १५०० ते २५०० च्या दरम्यान चालवतो. खंबाटकीत पुढे ऊसाचा ट्रॅक्टर आला, तिसऱ्या गिअरमध्ये ३५ चा वेग आहे आणि ओव्हरटेक करायची आहे, अशा वेळी टर्बो नुसता पाय दिला की उठते. १.२ ला दुसरा टाकावा लागतो, इंजिन ओरडतं आणि मग गाडी निघते. निघते मात्र नक्की. गाडीचं वजन एक टनाच्या आतबाहेर असल्यामुळे १.२ ला मरगळ नाही. याच वजनात दीडशे-दोनशे किलोची भर असती तर आमचं मत वेगळं असतं.

१.२ ची खरी जमेची बाजू मात्र वेगळीच आहे. मारुतीने २०२४ ची नवी स्विफ्ट आणि त्यानंतरची डिझायर तीन सिलिंडरच्या नव्या इंजिनावर नेली. त्यात अ‍ॅव्हरेज वाढलं, ताकद ९० वरून ८२ पीएसच्या जवळ आली आणि सिग्नलला उभं राहिल्यावर सीटखाली हलकी थरथर आली. फ्रॉन्क्समध्ये अजून जुनं चार सिलिंडरचंच आहे. ते गुळगुळीत आहे, साधं आहे, टायमिंग चेनचं आहे आणि गावोगावच्या मेकॅनिकला तोंडपाठ आहे. दहा-बारा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला या गोष्टीचं मोल जास्त. दोन सूचना एवढ्याच: याला पातळ ०डब्ल्यू-१६ ग्रेडचं ऑइल लागतं, तेव्हा बाहेर सर्व्हिसिंग करताना 'सगळ्यांना चालतं' म्हणून ड्रममधलं २०डब्ल्यू-४० ओतू देऊ नका. आणि आयडल स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू होण्याची सोय) असल्यामुळे बॅटरी बदलताना त्याच प्रकारची घ्या. साधी बॅटरी स्वस्त पडते, पण दिवसातून पन्नास वेळा स्टार्टर मारणं तिला झेपत नाही.

टर्बोचं अ‍ॅव्हरेज कंपनी मॅन्युअलला २१.५ आणि ऑटोमॅटिकला २०.०१ सांगते. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक १२ ते १४ देते आणि हायवेला ९० च्या वेगात १७-१८. १.२ मॅन्युअलचं कागदी अ‍ॅव्हरेज २१.७९, शहरात ते १६-१७ येतं. टर्बोचं गणित पूर्ण उजव्या पायावर आहे: हलक्या पायाने चालवली तर १.२ च्या जवळपास, आणि पिकअपची चटक लागली की टाकी लवकर रिकामी. टाकी ३७ लिटरची आहे, हेही लक्षात असू द्या. पेट्रोल आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी लागलं तर लगेच सर्व्हिस सेंटरशी भांडायला जाऊ नका. गाडी ई-२० साठीच बनलेली आहे, इंजिनाला धोका नाही.

टर्बो सांभाळायला अवघड नाही, पण तिचे तीन नियम आहेत. ऑइल वेळेत बदला, कारण टर्बाइनचा दांडा त्याच ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, आणि ऑइल जळकट झालं की पहिला मार तिथेच बसतो. घाट चढून वर आल्या आल्या चहाच्या टपरीसमोर थांबून लगेच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल फिरत राहून तो निवतो. तिसरा नियम थंड इंजिनाचा: सकाळी काढल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर ३००० च्या वर नेऊ नका. शिवाय हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षं फक्त सोसायटी ते भाजी मंडई अशी गाडी चालली तर त्यांच्यावर काजळी धरते. महिन्यातून एकदा हायवेला मोकळी सोडा. 'स्मार्ट हायब्रिड' या नावाला भुलू नका. गाडी विजेवर एक इंचही चालत नाही. स्टार्टर-जनरेटर निघताना थोडा हात देतो, इतकंच.

लाँचच्या वेळी डेल्टा प्लस या एकाच मॉडेलमध्ये दोन्ही इंजिनं होती आणि त्यांच्यात फरक होता बरोबर एक लाखाचा. कंपनीची खरी चलाखी पुढे आहे. झेटा आणि अल्फा ही वरची मॉडेलं तिने फक्त टर्बोवर ठेवली. ३६० अंश कॅमेरा आणि हेड-अप डिस्प्ले (ड्रायव्हरसमोरच्या काचेवर वेग दाखवणारा) पाहिजे असेल तर अल्फा, म्हणजे टर्बो घ्यावीच लागते. ज्याला साधं इंजिन आणि सगळ्या सोयी हव्यात त्याला वाटच ठेवलेली नाही. उलट ज्याला टर्बो हवी पण सोयींची हौस नाही, त्याच्यासाठी डेल्टा प्लस टर्बो मॅन्युअल आहे, आणि आमच्या मते सगळ्या फ्रॉन्क्समध्ये पैसा वसूल तीच. एक लाख इंजिनावर गेले तर ते रोज वापरले जातात. काचेवर उमटणारा वेगाचा आकडा आठवडाभरात दिसेनासा होतो.

गिअरबॉक्सकडे नीट पाहा, कारण इथे 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. १.२ वर एएमटी आहे, फरक मॅन्युअलपेक्षा साधारण ५५ हजारांचा. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि मान पुढे जाते. याची सवय होते. सवय लागत नाही ती चढावर रांगणाऱ्या ट्रॅफिकची. तिथे लोक ब्रेक सोडून नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात, आत क्लच घासत राहतो, जळका वास येतो आणि ऐंशी हजार किलोमीटर चालायचा क्लच तीस-चाळीस हजारांत जातो. उपाय सोपा: चढावर ब्रेकवरच थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच निघा. टर्बोवर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे पोचवणारा ऑटोमॅटिक. त्यात घासणारा क्लच नाही, चढावर गाडी तरंगत निघते, आणि त्यासाठी मॅन्युअलपेक्षा दीड लाख मोजायचे. कात्रज किंवा घोडबंदरला रोज दोन तास ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याने हे दीड लाख द्यावेत. बाकीच्यांनी मॅन्युअल घ्यावी. क्लच हलका आहे.

सीएनजीचा हिशेब लोक फक्त किलोच्या दरावर करतात. तो असा करायला हवा. समजा पेट्रोल मॉडेल साडेसात लाखांचं आणि सीएनजी ९५ हजारांनी महाग, म्हणजे ८.४५ लाखांचं. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर पासिंगचा कर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के आणि सीएनजीवर जुलै २०२५ पासून ८ टक्के आहे. पेट्रोलचा कर ८२,५०० होतो, सीएनजीचा ६७,६००. म्हणजे खरा जादा खर्च सुमारे ८० हजार. मुंबईत पेट्रोल १०३-१०४ रुपये धरलं आणि शहरात १६.५ चं अ‍ॅव्हरेज, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि प्रत्यक्षात २२ किलोमीटर, तर तीन रुपये पासष्ट पैसे. किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या वर वाचतात, आणि तीस-एकतीस हजार किलोमीटरला पैसे फिटतात. महिना हजार किलोमीटर असेल तर अडीच वर्षं. महिना चारशे असेल तर सोडून द्या.

आणि मग त्यात जे आकड्यांत येत नाही ते धरा. बूट गेला, ५५ लिटर पाणी मावेल एवढी टाकी आडवी बसते आणि गणपतीला कोकणात जाताना सामान मांडीवर येतं. चार माणसं, एसी आणि आंबोली घाट एकत्र आले की दुसऱ्या गिअरमध्येही गाडी धापा टाकते; अशा वेळी बटण दाबून पेट्रोलवर घ्या, त्यात कमीपणा नाही. पेट्रोलची टाकी कधीच कोरडी ठेवू नका, गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि टाकीतला इंधन पंप कोरडा फिरून जळतो. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते; मुदत संपली की पंपावरचा माणूस पाटी पाहून परत पाठवतो, आणि बरोबर करतो. पंपावर गॅसचा दाब कमी असेल तर टाकी अर्धीच भरते, म्हणून रांग संपल्यावर लगेच न भरता पहाटे जाणारे शहाणे. मोठं बूट आणि सीएनजी दोन्ही हवं असेल तर टाटा अल्ट्रोझ पाहा. तिच्यात दोन छोट्या टाक्या बुटाच्या तळाशी आडव्या बसवल्या आहेत आणि वर बॅगा राहतात. ताकद मात्र तिथे ७३.५ पीएसच.

डिझेल फ्रॉन्क्सला नाही आणि येणारही नाही. एके काळी याच वर्गात फियाटचं १.३ मल्टिजेट इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. स्विफ्टमध्येही तेच, १२४८ सीसी आणि १९० न्यूटन-मीटर. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि छोट्या डिझेलला धूर गाळायची महागडी यंत्रणा बसवणं परवडेना. मारुतीने डिझेलच बंद केलं. ह्युंदाईनेही आय-२० मधलं काढलं. ज्याचं महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवेवर होतं त्याने फ्रॉन्क्सच्या नादी न लागता अल्ट्रोझ डिझेल, नाशिकला बनणारी महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ किंवा तळेगावच्या कारखान्यातून येणारी नवी ह्युंदाई व्हेन्यू पाहावी. ३एक्सओच्या डिझेलला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, म्हणजे फ्रॉन्क्स टर्बोच्या दुप्पट. व्हेन्यू डिझेलला आता ऑटोमॅटिकही मिळतो. मात्र शहरात रोज पाच-सात किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. डीपीएफमधली (डिझेलचा धूर गाळणारी जाळी) काजळी जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने पळावी लागते. ती पळाली नाही की दिवा लागतो, दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडीची ताकद कापली जाते आणि मग वर्कशॉपचं बिल येतं.

कोटेशन हातात आलं की दहा लाखांची रेघ पाहा. महाराष्ट्रात कराचा टप्पा दहा लाखांवर बदलतो आणि वाढीव टक्का पूर्ण किमतीवर लागतो. ९,९९,००० च्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के, म्हणजे १,०९,८९० कर. १०,०५,००० च्या गाडीवर १२ टक्के, म्हणजे १,२०,६००. शिवाय दहा लाखांच्या वर गेल्यावर डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतो, म्हणजे आणखी १०,०५०. सहा हजारांनी महाग असलेली गाडी दारात येईपर्यंत जवळपास सत्तावीस हजारांनी महाग पडते. टीसीएसचे पैसे आयकर विवरणपत्र भरताना परत मागता येतात. पासिंगचे येत नाहीत. फ्रॉन्क्स टर्बो मॅन्युअल नेमकी या रेघेच्या आतबाहेर घुटमळते, तेव्हा ड्युअल टोनचा मोह कितीला पडतो ते आधी मांडा.

विम्यात टर्बोवाल्यांना एक छोटी चांगली बातमी आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, आणि २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत ६,५२१ तर १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आहेत. टर्बो ९९८ सीसीची, म्हणून जास्त ताकदीची गाडी कमी हप्त्यात. कोटेशनमध्ये चुकून वरचा आकडा पडलेला नाही ना, ते पाहा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही; बाहेरचं एक कोटेशन मोबाईलवर दाखवलं की ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आकडा तिथल्या तिथे खाली येतो. 'हँडलिंग चार्जेस' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची ओळ असेल तर ती खोडायला लावा. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. 'इसेन्शियल किट' म्हणजे मॅट, मडफ्लॅप आणि गणपतीची मूर्ती. तीही नाकारता येते.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा आणि सेल्समनने ठरवलेला सपाट रस्ता सोडून एखादा चढ किंवा उड्डाणपूल गाठा. दुसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला आणून सावकाश पाय द्या. १.२ कुरकुरेल पण ओढेल. टर्बो १८०० च्या खाली थोडी आळशी असते आणि मग एकदम जागी होते. ही जागी होण्याची पद्धत आवडते की दचकवते, हे ज्याचं त्याला कळतं.

आणि निघण्याआधी टोयोटाच्या शोरूममध्येही डोकावा. टेझर ही फ्रॉन्क्सच आहे. पुढची जाळी, दिवे आणि चाकं तेवढी वेगळी. १.२, टर्बो आणि सीएनजी, तिन्ही इंजिनं तीच. किमतीत फार फरक नसतो, पण कोणत्या मॉडेलला कोणतं इंजिन याची जुळणी थोडी वेगळी आहे आणि वेटिंग व सूट महिन्यागणिक बदलते. दोन्हीकडची कोटेशनं शेजारी ठेवून ऑन-रोड आकडा ओळीओळीने ताडून पाहा, बुकिंगची रक्कम त्यानंतर द्या.